डिजिटल पोर्टफोलिओ: काय ठेवायचं, काय लिहायचं आणि गुण कसे द्यायचे

सेमिस्टरचा शेवटचा आठवडा आला की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आणि गंगापूर रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत स्पायरल बाइंडिंगसाठी गर्दी होते. जर्नल उतरवून झालेलं असतं, सह्या तेवढ्या राहिलेल्या असतात. सर किंवा मॅडम एका दुपारी साठ-सत्तर जर्नलांवर सह्या करतात, एक्स्टर्नल ती चाळतात आणि काही महिन्यांत ती रद्दीत जातात. सहा महिन्यांच्या कामाचा हा एवढाच पुरावा, आणि त्यावरून मुलाला नेमकं काय येतं हे ना शिक्षकाला सांगता येतं, ना त्या मुलाला. तेच जर्नल स्कॅन करून ड्राइव्हवर चढवलं, तर दुखणं जागच्या जागी राहतं. डिजिटल पोर्टफोलिओ म्हणून अनेक ठिकाणी आज नेमकं हेच चाललं आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवा अभ्यासक्रम आला, तसा हा प्रश्न जास्त टोकदार झाला. ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट, सीईपी (समाजात जाऊन करायचं काम) हे सगळं शिक्षण वर्गाबाहेर घडतं आणि लेखी पेपरात मावत नाही. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा एका क्रेडिटमागे ३० तास धरतो. ४ क्रेडिटचं ओजेटी असेल तर मुलीनं अंबडच्या किंवा सातपूरच्या कारखान्यात १२० तास काढलेले असतात आणि शेवटी हाती उरतं ते कंपनीच्या शिक्क्याचं एक पत्र. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये क्रेडिट जमा होतं, डिजिलॉकरमध्ये गुणपत्रक येतं. त्या १२० तासांत काय घडलं, हे दोन्हीकडे कुठंच नसतं. ते सांगायची जागा म्हणजे पोर्टफोलिओ.

पुरावा, निवड, चिंतन

पोर्टफोलिओत तीन गोष्टी लागतात. पुरावा म्हणजे केलेल्या कामाचा माग: फोटो, मोजमापांचा तक्ता, कोड, पाठटाचण, मुलाखतीचं ध्वनिमुद्रण. निवड म्हणजे केलेल्या तीस गोष्टींतून चार ठेवणं आणि त्याच का ठेवल्या हे सांगता येणं. चिंतन म्हणजे या कामात आपला कोणता समज बदलला आणि पुढच्या वेळी आपण काय वेगळं करू, हे लिहिणं. पुरावा सगळेच देतात, कारण फोन खिशात असतो. निवड करायला मुलं घाबरतात, कारण लहानपणापासून जाड फाईलला जास्त गुण मिळालेले त्यांनी पाहिलेले असतात. आणि चिंतन कसं लिहायचं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

लॉगबुक आणि पोर्टफोलिओ यांची गल्लत फार होते. एमबीबीएसला २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि लॉगबुक आवश्यक झालं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतली मुलं ते भरतातच. एखादी प्रक्रिया किती वेळा पाहिली, किती वेळा केली, सही कोणाची, हे लॉगबुक सांगतं. तिसऱ्या वेळी काय चुकलं आणि सातव्या वेळी ते का चुकलं नाही, हे पोर्टफोलिओनं सांगायचं असतं. दोन्ही हवीत, पण एकाकडून दुसऱ्याचं काम होत नाही.

वैद्यकीय शिक्षणातले अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत पोचते, प्रात्यक्षिक तिसरीपर्यंत. चौथी पायरी परीक्षेच्या खोलीत दिसूच शकत नाही, कारण ती कारखान्यात, वॉर्डात, बांधावर असते. पोर्टफोलिओचा खरा उपयोग या चौथ्या पायरीला आहे. म्हणून ज्या विषयात प्रत्यक्ष काम नाही, तिथं तो लादू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रत्येक विषयाला पोर्टफोलिओ लावला की मुलं सहा ठिकाणी एकच मजकूर चिकटवतात.

‘खूप काही शिकायला मिळालं’

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात जातात. समजा एक विद्यार्थी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत आहे. त्याची नोंद बहुतेक वेळा अशी येते: ‘या कार्यक्रमातून मला द्राक्षावरील रोगांविषयी खूप काही शिकायला मिळाले. शेतकरी बांधवांनी मोलाचे सहकार्य केले.’ यात खोटं काही नाही, पण बागेत पाऊल न ठेवताही हे लिहिता येतं.

आता हीच नोंद वेगळी लिहून पाहू. (गोडी छाटणी म्हणजे फळांसाठीची छाटणी; भुरी आणि केवडा हे द्राक्षावरचे दोन वेगळे रोग.)

‘गोडी छाटणीनंतर ३२ व्या दिवशी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली. पांढरी म्हणजे भुरी असं धरून मी वहीत गंधकाची फवारणी लिहिली. बागमालकांनी पान सुलटं करायला लावलं. बरोबर त्याच जागी वर पिवळसर, तेलकट डाग होता. हा केवडा होता. भुरीची पावडर पानाच्या वरच्या बाजूलाही येते आणि बोटानं पुसली जाते, हे मी वाचलेलं होतं, पण पान हातात घेतल्यावर आठवलं नाही. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर नाही. माझं ऐकलं असतं तर फवारणी फुकट गेली असती आणि ढगाळ हवेत रोग घडांपर्यंत पोचला असता. आता मी आधी पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढतो, मग रोगाचं नाव लिहितो. फोटो १ आणि २ त्या दिवसाचे, ३ ते ८ पुढच्या आठवड्यातले.’

फरक कुठं पडला ते बघा. दिवस आला, चूक आली, चुकीचं कारण आलं, तिचा परिणाम आला, बदललेली सवय आली आणि त्या सवयीचा पुरावा फोटोंत आला. शंभर-सव्वाशे शब्दांत हे सगळं बसतं. परीक्षकाला आता विचारायला प्रश्न सापडतो: फोटो ४ मध्ये डाग वाढलेला का दिसतो?

चिंतन लिहायचे अनेक साचे आहेत. ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ मधलं सहा टप्प्यांचं चक्र सर्वांत जास्त वापरलं जातं: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. पदवीच्या मुलांना हे सहा मथळे दिले की ती फॉर्म भरल्यासारखं करतात आणि ‘भावना’खाली ‘मला आनंद झाला’ असं लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा तीन प्रश्न पुरे: काय घडलं? माझा अंदाज काय होता आणि तो कुठं चुकला किंवा बरोबर आला? पुढच्या वेळी मी काय करणार? मर्यादा २०० शब्दांची ठेवावी. पहिल्या प्रश्नाला मुलं तीन चतुर्थांश जागा देतात, म्हणून ‘काय घडलं’ जास्तीत जास्त ६० शब्दांत, असं वेगळं सांगावं लागतं.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. चिंतन मुलांना ज्या भाषेत विचार सुचतो त्या भाषेत लिहू द्यावं. विषय इंग्रजीत असला तरी नोंद मराठीत चालावी. कळवण-बागलाणकडच्या मुलाच्या नोंदीत अहिराणी शब्द आले तर येऊ द्यावेत. इंग्रजीची सक्ती केली की पाठ केलेली वाक्यं येतात आणि चूक कुठं झाली हे सांगायची हिंमत त्यांत उरत नाही. ज्यांना लिहिणं जड जातं, त्यांना फोनवर दोन मिनिटं बोलून ती ध्वनिफीत जोडायची मुभा द्यावी. मराठीत टाइप करताना मात्र युनिकोडच वापरावं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर रोमन अक्षरांची गिचमीड होऊन उघडतो, आणि त्यात काही शोधताही येत नाही.

माजघर आणि ओसरी

पोर्टफोलिओ फसण्याचं सर्वांत मोठं कारण तंत्रज्ञानात नसतं. तो एकाच वेळी शिकण्याची जागा आणि गुण मिळवण्याची जागा केला जातो, तिथं तो फसतो. प्रत्येक नोंदीला गुण आहेत हे कळलं की कोणीही ‘मी भुरी आणि केवडा यांत गफलत केली’ असं लिहिणार नाही. चूक लपवली की चिंतनाला विषयच राहत नाही.

जुन्या वाड्यात माजघर वेगळं आणि ओसरी वेगळी असायची. घरचा पसारा माजघरात, पाहुणा ओसरीवर. पोर्टफोलिओचीही अशी दोन भागांत मांडणी करावी. माजघरात सगळं असतं: कच्चे मसुदे, फसलेले प्रयोग, कापलेले व्हिडिओ, शिक्षकांचे शेरे. ते विद्यार्थी आणि त्याचा मार्गदर्शक यांनीच बघायचं, आणि तिथं गुण नाहीत. नोंद वेळेवर झाली की नाही, एवढंच बघायचं. सेमिस्टरच्या शेवटी विद्यार्थी स्वतः त्यातून चार नोंदी उचलून ओसरीवर आणतो, त्यांना २०० शब्दांची प्रस्तावना लिहितो आणि गुण फक्त या ओसरीला मिळतात. चारांपैकी एक नोंद तरी फसलेल्या कामाची हवी, असा नियम ठेवला की चूक दाखवणं ही लाज न राहता कामाचा भाग होते.

बांधायचं कशावर

मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली वापरणाऱ्या कॉलेजांना पोर्टफोलिओसाठी महारा हे मुक्त सॉफ्टवेअर जोडता येतं. त्याची सुरुवात २००६ मध्ये न्यूझीलंडमध्ये झाली. माओरी भाषेत महारा म्हणजे विचार. त्यात कोणतं पान कोणाला दिसेल हे पानागणिक ठरवता येतं, त्यामुळे माजघर-ओसरीची सोय आयती होते. पण त्याला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. तो माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नये.

बहुतेक कॉलेजांसाठी गूगलची साधनं पुरेशी आहेत. गूगल साइट्सवर पान देखणं होतं, पण संपादनाला संगणक लागतो. मुक्त विद्यापीठाच्या, नोकरी करत शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे बऱ्याचदा फक्त फोन असतो. त्याच्यासाठी ड्राइव्हवरचं एक फोल्डर आणि त्यात एक गूगल डॉक एवढंच करावं. डॉकमध्ये प्रत्येक नोंदीला मथळा द्यायचा, म्हणजे बाजूला अनुक्रमणिका आपोआप तयार होते. संगणकशास्त्राच्या मुलांनी गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर ठेवलं तर उत्तम, कारण तिथं कामाचा सगळा इतिहास तारखेनिशी राहतो. १०० एमबीपेक्षा मोठी फाईल मात्र गिटहब घेत नाही.

फाइलींची नावं पहिल्याच दिवशी ठरवून द्यावीत: वर्ष-महिना-दिवस, मग विषय, मग क्रमांक. या क्रमानं तारीख लिहिली की फाइली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशी नावं आली की परीक्षक चुकीची फाईल उघडतो. व्हिडिओच्या आकाराकडेही लक्ष हवं. फोनवर १०८० पी दर्जाचं एक मिनिटाचं चित्रण साधारण ६० ते १३० एमबी होतं आणि गूगलच्या फुकट खात्यात मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबीच जागा असते. म्हणून व्हिडिओ ७२० पी दर्जाचा, दोन मिनिटांच्या आत, आणि शक्यतो यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवावा.

सबमिशनच्या दिवशी सर्वांत जास्त काय बिघडत असेल तर लिंकची परवानगी. विद्यार्थ्याच्या फोनवर सगळं उघडतं, कारण तो स्वतःच्या खात्यात असतो. परीक्षकाला मात्र ‘परवानगी मागा’ असा फलक दिसतो. उपाय सोपा आहे: लिंक देण्याआधी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहायची. फोल्डरला परवानगी दिली तरी दुसऱ्या फोल्डरमधल्या फाईलला ती लागू होत नाही, म्हणून डॉकमधली प्रत्येक लिंक दाबून बघावी लागते.

पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये पहिल्या आठवड्यात जागा तयार करून घ्यावी आणि चांगल्या-वाईट नोंदींचे नमुने वर्गात वाचावेत. तिसऱ्या आठवड्यात पहिली नोंद. सातव्यात शिक्षकाचा शेरा, तोही दोन वाक्यांचा किंवा एक मिनिटाच्या ध्वनिफितीचा. अकराव्यात मित्रानं मित्राची नोंद वाचून एक प्रश्न विचारायचा. चौदाव्यात निवड आणि प्रस्तावना. सातव्या आठवड्याचा शेरा चुकला की पुढचं सगळं शेवटच्या रात्रीवर जातं, कारण वाचणारं कोणी नाही हे मुलांनी ओळखलेलं असतं.

गुण

पोर्टफोलिओच्या गुणदानावर होणारा मुख्य आक्षेप खरा आहे: एकाला ४२ वाटतात, दुसऱ्याला ३०. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळांमध्ये लेखन आणि गणितासाठी राज्यभर पोर्टफोलिओ मूल्यमापन सुरू केलं. रँड या संशोधन संस्थेनं त्याचा अभ्यास केला तेव्हा परीक्षकांच्या गुणांतला मेळ इतका कमी निघाला की निकालाचा हवा तसा वापर करता आला नाही. पुढे गणितात हा मेळ बराच सुधारला. म्हणजे आक्षेपावर उपाय आहे, पण तो आयता मिळत नाही.

पहिला उपाय निकषांचा. ५० गुण असतील तर आम्ही अशी विभागणी सुचवू: चिंतनाला २०, पुराव्याला १०, निवड आणि तिच्या समर्थनाला १०, पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत दिसणाऱ्या बदलाला १०. सजावटीला शून्य. सजावटीला गुण ठेवले की घरी लॅपटॉप असलेला मुलगा पुढे जातो आणि फोनवर काम करणारी मुलगी मागे पडते, हा उघड अन्याय आहे. ‘उत्तम, चांगलं, बरं’ असे शब्द निकषात नकोत, कारण प्रत्येकाचं उत्तम वेगळं असतं. त्याऐवजी काय दिसायला हवं ते लिहावं. चिंतनात १६ किंवा त्याहून जास्त गुण केव्हा? चूक किंवा अंदाज नेमका सांगितला आहे, त्याचं कारण दिलं आहे आणि बदललेल्या कृतीचा पुरावा जोडला आहे, तेव्हा. कारण आहे पण कृतीचा पुरावा नाही, तर ११ ते १५. नुसतं वर्णन असेल तर १० च्या वर जाऊ नये.

दुसरा उपाय सरावाचा. प्रत्यक्ष तपासणीआधी सगळ्या परीक्षकांनी तेच तीन पोर्टफोलिओ स्वतंत्र तपासावेत, मग एकत्र बसून फरकावर बोलावं. दीड-दोन तास जातात, पण निकषातली संदिग्ध वाक्यं तिथंच सापडतात. तिसरा उपाय दोन परीक्षकांचा. दोघांच्या गुणांतला सहसंबंध, म्हणजे ते किती जुळतात याचं माप (१ म्हणजे पूर्ण मेळ), ०.६ असेल, तर त्यांची सरासरी घेतल्यावर विश्वसनीयता ०.७५ पर्यंत जाते. तिघांची घेतली तर ०.८२ होते, म्हणजे तिसऱ्यानं फारशी भर पडत नाही. सगळेच दोघांनी तपासणं परवडत नसेल, तर दर पाचातला एक आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्णाच्या सीमेवरचे सगळे दोघांनी तपासावेत.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. ६० मुलांचे जाडजूड पोर्टफोलिओ अर्धा-अर्धा तास वाचायचे म्हटले तर ३० तास लागतात. कोणताही शिक्षक ते देऊ शकत नाही आणि मग सह्यांचा कारखाना पुन्हा सुरू होतो. चार नोंदी आणि एक प्रस्तावना, म्हणजे हजार शब्द, असतील तर १२ मिनिटांत नीट वाचून होतं. एकूण १२ तास. सातव्या आठवड्याच्या शेऱ्याला प्रत्येकी ५ मिनिटं धरली तर आणखी ५ तास. हे १७ तास कामाच्या वाटपात लिखित स्वरूपात दिसले पाहिजेत.

चॅटजीपीटीनं लिहिलेलं चिंतन कसं ओळखायचं, हा प्रश्न आता सगळीकडे विचारला जातो. ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवर कोणालाही दोषी धरू नये. ती चुकीचा आळ घेतात. डॉकचा आवृत्ती-इतिहास उघडला की मजकूर आठवडाभर वाढत गेला की एका मिनिटात चिकटवला, ते दिसतं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे तीन मिनिटांची तोंडी परीक्षा. पुराव्यातला एक फोटो उघडायचा आणि विचारायचं: हा काढला तेव्हा डाव्या बाजूला काय होतं? हे का मोजलं? ६० मुलांना तीन तास पुरतात.

परवानगी

नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं जखमेचा फोटो जोडला आणि कोपऱ्यात केस पेपरचा क्रमांक दिसला, की रुग्णाची ओळख उघड झाली. रुग्णाचे फोटो नकोतच. आकृती काढावी, शब्दांत लिहावं. कारखान्यातलं ड्रॉइंग ही कंपनीची मालमत्ता असते. त्याऐवजी कोणता टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सांभाळायचा होता आणि स्वतःच्या मोजमापांत तो किती वेळा सुटला, हे लिहावं, तेही सुपरवायझरला दाखवून. बी.एड.च्या पाठाचं चित्रण करताना कॅमेरा वर्गाच्या मागच्या बाजूला ठेवावा, म्हणजे शिकवणारी व्यक्ती दिसते आणि मुलांचे चेहरे दिसत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांना बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. येवल्यातल्या पैठणी विणकराची मुलाखत घेतली तर साध्या मराठीत चार ओळींचं संमतीपत्र वाचून दाखवून सही घ्यावी: काय नोंदवलं, कोण बघणार, किती दिवस राहणार, नको वाटलं तर काढून टाकायला कोणाला सांगायचं. फोटोत फोन जागेची माहितीही साठवतो. ओसरीवर आणण्याआधी ती काढून टाकावी.

शेवटच्या निकालानंतर अनेक कॉलेजं विद्यार्थ्यांची ईमेल खाती बंद करतात आणि तीन वर्षांचं काम त्यांच्याबरोबर जातं. म्हणून सहाव्या सेमिस्टरच्या चौदाव्या आठवड्यात वर्गातच एक तास ठेवावा. प्रत्येकानं गूगल टेकआउटनं आपलं सगळं उतरवून घ्यायचं, ओसरीची पीडीएफ करायची, एक प्रत स्वतःच्या वैयक्तिक खात्यात आणि एक पेनड्राइव्हवर ठेवायची. पीडीएफमधल्या लिंक जुन्या खात्याकडे बोट दाखवत राहतात, त्या नव्या खात्यातल्या प्रतींना जोडून घ्यायच्या, आणि मित्राच्या फोनवर एकदा उघडून बघायच्या.